जुन्या वनस्पतीचित्रांवरून क्रॉस स्टिच: फूल छान येतं पण पानं दर वेळी मळकट, त्यावर उपाय

तीन वेगवेगळे पीस, तीन वेगवेगळी चित्रं आणि तिन्हीचं दुखणं एकच. एक गुलाब, एक आयरिस, एक खसखशीचं फूल, तिन्ही दोनेकशे वर्षांपूर्वीच्या वनस्पतीचित्रांच्या स्कॅनवरून सॉफ्टवेअरमध्ये चार्ट (चौकटींचा नकाशा, एका घराला एका रंगाची एक फुली म्हणजे एक टाका) करून घेतलेले, आणि तिन्हीत फूल इतकं सुरेख आलं की भरताना उठावंसं वाटायचं नाही, पण पानं मळकट. जवळून बघितलं तर हिरव्या, खाकी, राखाडी, तपकिरी सुट्या फुल्यांची सरमिसळ, आणि लांबून बघितलं तर एक पान कुठे संपतं आणि दुसरं कुठे सुरू होतं तेच कळत नाही, मधली शीर तर गायबच. क्रॉस स्टिच लांबून खुलतं हा आपला सगळ्यांचा अनुभव, इथे उलटंच, जितकं लांब जावं तितका तो भाग डाग पडल्यासारखा दिसायला लागतो.

ज्यांना हे होतंय त्यांच्यासाठी सविस्तर लिहितेय, कारण मी जवळजवळ दोन वर्षं चुकीच्या जागी उपाय शोधत होते आणि तेवढा वेळ आणि दोरा तुमचा जाऊ नये असं मनापासून वाटतं.

पहिला संशय दोऱ्याच्या पदरांवर गेला. १४ काउंटच्या आयडावर (चौकटी विणलेलं भरतकामाचं कापड, १४ काउंट म्हणजे एका इंचात १४ घरं) मी दोन पदर घेते, वाटलं मधून कापड डोकावतंय म्हणून रंग मळका दिसतोय, म्हणून एक पान तीन पदरांनी भरलं तर ते फुगून वर आलं आणि मळकटपणा तसाच. मग वाटलं वरचा तिरका टाका कुठेतरी उलट्या दिशेने पडतोय, तो तपासला, सगळीकडे एकसारखा होता. मग शेड बदलल्या, खाकीच्या जागी सरळ ताजा हिरवा घातला तर मळक्या पानावर पोपटी ठिगळं लावल्यासारखं झालं, ते सगळं उसवलं. १६ काउंटवर तेच पान परत भरलं, पान लहान झालं, रंग तसाच.

शेवटी एक दिवस चार्टमधलं एकच पान घेऊन बसले आणि घरं मोजली. २२ घरं लांब, सगळ्यात रुंद जागी १३. त्या एवढ्याशा पानात १९ रंग होते! त्यातले हिरवे म्हणावेत असे ६, बाकीचे खाकी, बदामी, राखाडी, दोन तपकिरी आणि एक चक्क जांभळट राखाडी. आणि सुट्या फुल्या, म्हणजे जिच्या आजूबाजूला तिच्या रंगाची दुसरी एकही नाही अशा, ७० च्या वर. तेव्हा लक्षात आलं की भरण्यात काहीच चुकत नाहीये, चार्टच मळकट आहे. मग मूळ स्कॅन उघडला आणि तेच पान मोठं करत करत गेले.

मोठं केल्यावर ते पान हिरवं नव्हतंच. बारीक काळसर समांतर रेघा, दोन रेघांच्या मधे पिवळट पडलेला कागद, आणि या सगळ्यावरून फिरवलेला पातळ, आरपार दिसणारा हिरवा रंग. आपल्याला पुस्तकात जे हिरवंगार पान दिसतं ते या तिघांचं मिळून दिसतं आणि ते काम आपला डोळा करतो.

हे असं का, तर ही चित्रं तयार कशी व्हायची ते बघा. बहुतेक जुन्या पुस्तकांत आधी तांब्याच्या पत्र्यावर रेघा कोरायच्या, त्या काळ्या शाईत छापायच्या, आणि मग छापलेल्या प्रत्येक कागदावर ब्रशने वॉटरकलर भरायचा. रेघ वेगळी, रंग वेगळा, बऱ्याचदा दोन्ही करणारी माणसंही वेगळी. एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईंनी १७३७ ते १७३९ या काळात औषधी वनस्पतींची ५०० चित्रं स्वतः काढली, स्वतः पत्र्यावर कोरली आणि स्वतःच रंगवली, पण तिथेही कामं दोनच, आधी रेघ आणि मग रंग. पानाचा आकार, गोलाई, सावली, शिरा हे सगळं रेघेत आहे. रंग फक्त वरून एक हलका हात.

आता हिशोब करा. १४ काउंटवर एक फुली साधारण १.८ मिलिमीटरची. चित्र मूळ आकारात घेतलं, समजा ३० सेंटिमीटर उंच, तर उभ्या १६५ फुल्या होतात आणि ४ सेंटिमीटरच्या पानाला २२. कोरीवकामातल्या बारीक रेघा इतक्या जवळजवळ असतात की १.८ मिलिमीटरच्या घरात चार-पाच सहज बसतात. सॉफ्टवेअर काय करतं, त्या घरातल्या काळ्या रेघा, पिवळा कागद आणि हिरवा रंग या सगळ्याची सरासरी काढून एकच रंग देतं. काळा अधिक पिवळट अधिक हिरवा, बरोबर, खाकी. शेजारच्या घरात चारऐवजी तीन रेघा आल्या की जरा फिका खाकी, पाच आल्या की राखाडी. मग प्रत्येक सरासरीला दोऱ्यातली जवळची शेड शोधायची, आणि डिदरिंग चालू असेल तर अधली-मधली छटा दाखवायला दोन-तीन रंगांचे ठिपके शिंपडायचे. झाला चिखल. सॉफ्टवेअर फोटोसाठी बरोबरच काम करतंय, पण याला फोटो समजायलाच नको होतं.

फूल का वाचतं तेही यातच आहे. फिक्या पाकळ्यांवर कोरणारा माणूस रेघा मोजक्याच टाकायचा, बराचसा कागद मोकळा सोडायचा, त्यामुळे सरासरी काढली तरी रंग स्वच्छ राहतो. हे मला नीट पटलं ते पिएर-जोसेफ रेदुते या फुलांच्या चित्रकारांचा एक गुलाब करून बघितल्यावर. त्यांची गुलाबांची चित्रं १८१७ ते १८२४ मध्ये छापली गेली आणि ती रेघांनी कोरलेली नाहीतच, बारीक बारीक ठिपक्यांनी कोरलेली आहेत, आणि शाईसुद्धा काळी नाही, एकाच पत्र्यावर चिंधीच्या छोट्या बोळ्याने हिरवी, गुलाबी अशी वेगवेगळी शाई लावून एकदम छापायचे आणि मग वर ब्रशने हात फिरवायचे. हिरव्या ठिपक्यांची सरासरी हिरवीच येणार. तोच काउंट, तेच सॉफ्टवेअर, तीच मी, आणि पानं पहिल्याच फटक्यात निम्म्याने स्वच्छ आली.

कागदाचा भाग वेगळा सांगते कारण तो फसवतो. जुना कागद पिवळा-तपकिरी झालेला असतो, त्यावर तपकिरी ठिपके असतात, समोरच्या पृष्ठाची पुसट छाप उमटलेली असते, कडेने पत्र्याच्या दाबाची चौकट असते. आपल्याला तो जुनेपणा आवडतो, मलाही आवडतो, पण रंग पारदर्शक असल्यामुळे तो पिवळेपणा पानाच्या आतही आहे हे लक्षात येत नाही. शिवाय त्या काळातले काही हिरवे रंग तांब्यापासून करायचे, आपल्याकडे ज्याला जंगाल म्हणतात तो, आणि तो काळानुसार तपकिरी पडतो, खालचा कागदही जाळतो. म्हणजे स्कॅनमधल्या पानावर दिसणारा तपकिरी डाग चित्रकाराने काढलेला असेलच असं नाही, रंग म्हातारा झालेला असू शकतो, आणि आपण तो इमानदारीने तीन शेडमध्ये भरत बसतो.

इथे एक गोष्ट करून बघाच. एकाच पुस्तकाच्या दोन-तीन वेगळ्या प्रतींचे स्कॅन शोधा, बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररी या वेबसाइटवर ही जुनी पुस्तकं मोफत बघता येतात आणि काही पुस्तकांच्या एकाहून जास्त प्रती तिथे आहेत. तेच चित्र, त्याच रेघा, पण हिरवा प्रत्येक प्रतीत वेगळा! कारण प्रत्येक प्रत हाताने रंगवलेली. कर्टिसचं बोटॅनिकल मॅगझिन हे वनस्पतीचित्रांचं इंग्रजी मासिक १७८७ मध्ये सुरू झालं आणि १९४८ पर्यंत त्यातली चित्रं हातानेच रंगवत होते, म्हणजे विचार करा किती हातांनी किती वेगवेगळे हिरवे लावले असतील. हे बघितल्यावर 'मूळ रंग जसाच्या तसा' हा माझा हट्ट गेला. जसाच्या तसा ठेवायची गोष्ट रेघ आहे. हिरवा आपण निवडायचा.

आता दुरुस्ती.

सगळ्यात आधी कागद काढा. फोटो एडिटरमध्ये लेव्हल्समधला पांढरा ड्रॉपर घेऊन कागदाच्या मोकळ्या जागेवर क्लिक केलं की कागद पांढरा होतो आणि पानांतला पिवळेपणाही बराच निघतो, पिवळं फूल असेल तर मात्र फुलाचा भाग आधी वेगळा कापून ठेवा नाहीतर तेही फिकं पडेल. ठिपके, चौकट, खालचं लॅटिन नाव, पृष्ठाचा नंबर हे सगळं पुसा. नाव हवं असेल तर नंतर बॅकस्टिचने (फुल्यांवरून घालायच्या सलग रेघेच्या टाक्याने) वेगळं लिहा, स्कॅनमधून आलेली अक्षरं कधीच वाचता येत नाहीत.

मग फूल आणि पानं दोन वेगळ्या फाइली करा. फुलाचा चार्ट सॉफ्टवेअरला करू द्या, ते त्यात चांगलं आहे, १२-१५ रंग द्या, डिदरिंग बंद ठेवा. पानांसाठी दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे चार्ट करण्याआधी पानांच्या फाइलला मीडियन फिल्टर लावायचा, रेघा विरघळून रंगाचे सलग पट्टे होईपर्यंत, मग आकार लहान करायचा, रंगांची मर्यादा ६ ते ८, डिदरिंग बंद. मळकटपणा याने बराच कमी होतो पण पान जरा लोण्यासारखं गुळगुळीत येतं, शिरा परत घालाव्या लागतात.

दुसरा रस्ता हाताचा आणि मी आता तोच करते. चित्र हव्या त्या आकारात छापायचं, वर ट्रेसिंग पेपर ठेवायचा आणि पानाची फक्त बाहेरची कड, मधली शीर, बाजूच्या मुख्य शिरा आणि पान जिथे दुमडलंय ती रेघ एवढंच काढायचं. बारीक सावलीच्या रेघा काढायच्या नाहीत, अजिबात नाही, कितीही मोह झाला तरी. मग तो ट्रेस आलेखाच्या कागदावर ठेवून घरं भरायची. एका पानाला अर्धा तास जातो सुरुवातीला, नंतर दहा मिनिटं.

मघाचंच ते २२ घरांचं पान घेऊन सांगते कसं केलं. मधली शीर एकच घर रुंद, फिक्या हिरव्याची, देठापासून टोकापर्यंत जिन्यासारखी चढत जाणारी, आणि टोकाच्या आधी तीन घरं थांबवली, कारण खऱ्या पानात ती टोकाकडे बारीक होत जाते. वनस्पतीचित्रांत उजेड वरून डावीकडून येतो असं धरायची जुनी रीत आहे, त्यामुळे शिरेच्या डावीकडचा अर्धा भाग मधल्या शेडमध्ये आणि उजवीकडचा गडद शेडमध्ये. डाव्या भागात कडेला फिक्याची एक सलग पट्टी, चार-पाच घरांची, सुटी नाही. उजव्या भागात शिरेला लागून गडदच ठेवला म्हणजे फिकी शीर त्याच्यावर उठून दिसते. एका कोपऱ्यात पान उलटलेलं होतं, तिथे पानाची पाठ दिसते, ती निळसर फिक्या हिरव्यात. झाले चार रंग, १९ चे चार, आणि भरून झाल्यावर भाचीने लांबून बघून विचारलं की हे गुलाबाचं पान आहे ना. आधीच्या पिसातलं पान तिला कशाचंच वाटलं नव्हतं.

हिरव्या शेड निवडताना एकच चाचणी करा, बाकी काही नाही केलं तरी चालेल. लड्या शेजारी शेजारी ठेवा, मोबाइलवर फोटो काढा आणि तो फोटो काळा-पांढरा करा. ज्या दोन लड्या त्यात सारख्याच करड्या दिसतील त्या कापडावर लांबून एकच दिसणार, हातात कितीही वेगळ्या वाटोत. डीएमसी या दोऱ्याच्या कंपनीचे ३३४६ आणि ९८७ (पुढचे सगळे नंबरही त्यांच्याच शेडचे) हातात घेतले तर वेगळे हिरवे वाटतात, काळ्या-पांढऱ्या फोटोत मात्र जवळजवळ एकच. माझ्या खसखशीच्या चार्टमध्ये हे दोन्ही एकमेकांना लागून होते, शेजारशेजारची दोन पानं वेगळी दाखवायला, आणि ती कधीच वेगळी दिसली नाहीत.

म्हणून एकाच घराण्यातल्या पण लांबलांबच्या शेड घ्या. ताज्या पानासाठी ८९५, ३३४६, ३३४८, मधला ३३४७ मुद्दाम सोडून. जुन्या छापील चित्राचा मऊ, जरा विटलेला भाव हवा असेल तर ५२०, ५२२, ५२४ हे माझे सगळ्यात आवडते, यांच्यात थोडा राखाडीपणा आधीच आहे त्यामुळे चित्र जुनं दिसतं पण मळकं दिसत नाही. पिवळट हिरव्या पानांना ९३६, ४६९, ४७१. पानाच्या पाठीला ५०३ किंवा ५०४. दोन पानं एकमेकांवर येत असतील तर मागच्या पानाला सगळ्यात फिकी शेड वापरू नका, ती फक्त पुढच्याला द्या, तेवढ्यानेच पुढचं पान पुढे येतं.

सुट्या फुल्यांबद्दल. सॉफ्टवेअरचा चार्ट वापरत असाल तर भरायच्या आधी एक दिवस फक्त याला द्या, प्रत्येक सुटी फुली बघा आणि शेजारच्या रंगात घाला. पण सरसकट नको. पुंकेसराच्या टोकावरचा पिवळा ठिपका सुटाच असतो आणि तो हवाच, खोडावरचा काटा, पाकळीच्या घशातला गडद ठिपका, हेही राहू द्या. माझा नियम असा की त्या फुलीकडे बोट दाखवून ती झाडाचा कुठला भाग आहे ते सांगता आलं तर ठेवायची, नाही सांगता आलं तर ती छपाईची किंवा कागदाची आहे, काढायची.

आणि झाडाचा भाग ओळखायचा म्हणजे थोडी वनस्पतीची माहिती हवी, ती या कामात खरंच उपयोगी पडते आणि मला यातला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. ही चित्रं शोभेसाठी नव्हती, त्यावरून झाड ओळखता यावं म्हणून होती. त्यामुळे रंग कमी करा, रेघा कमी करा, पण पान समोरासमोर येतं की एकाआड एक ते बदलू नका, गुलाबाच्या पानात पाच किंवा सात पर्णिका (एका देठावरची छोटी पानं) दाखवल्या असतील तर जागा नाही म्हणून सहा करू नका, आयरिसच्या तीन पाकळ्या उभ्या आणि तीन खाली झुकलेल्या राहिल्याच पाहिजेत. जागा कमी पडली तर अख्खं पान गाळा, अर्धं चुकीचं दाखवू नका.

बॅकस्टिच आता. पानं मळकट झाली की सगळ्यात पहिला सल्ला मिळतो की काळ्या दोऱ्याने आउटलाइन करून टाक. मी ३१० ने केली आणि पस्तावले, पान खिडकीच्या रंगीत काचेसारखं दिसायला लागलं, जड आणि सपाट. मूळ चित्रातली रेघ केसासारखी असते, आपली एका पदराचीसुद्धा त्यामानाने दोरखंड आहे. म्हणून रंग मऊ ठेवा, पानाला ९३४ किंवा ८९५, खोडाला आणि मुळांना ८४४, गुलाबी पाकळीला तिच्याच घराण्यातली सगळ्यात गडद शेड, एकच पदर, आणि सगळीकडून नाही. सावलीच्या बाजूची कड, मधली शीर आणि जिथे एक पान दुसऱ्यावर जातं ती कड, बस. उजेडाची बाजू मोकळी सोडली की पान आपोआप वळतं.

कातरलेली कड हा वेगळाच त्रास. गुलाबाच्या पानाचे दात मूळ चित्रात जेमतेम एक मिलिमीटरचे, म्हणजे अर्ध्या फुलीएवढे, फुल्यांत ते येऊच शकत नाहीत, सॉफ्टवेअर त्याचं कडेला खाकी धुकं करतं. त्या २२ घरांच्या पानाला मी प्रत्येक बाजूला सहाच दात दाखवले, बॅकस्टिचने, टोकाकडे झुकलेले. दात मोजायला कोणी येत नाही, दिशा मात्र लगेच कळते. यासाठी आयडापेक्षा २८ काउंटचं इव्हनवीव्ह (एकसारख्या विणीचं कापड, इंचात २८ धागे) बरं, दोन धाग्यांवर फुली घातली की आकार १४ काउंटइतकाच राहतो पण प्रत्येक फुलीच्या मधोमध एक भोक मिळतं, तिथून अर्ध्या घराचा दात सहज काढता येतो. आयडावर करायचंच असेल तर तेवढ्यापुरती टोकदार सुई घ्या आणि घराच्या मधे भोसकून काढा, बोथट सुईने ओढाताण होते.

कापडाबद्दल थोडंच. जुन्या कागदाचा रंग हवा तर क्रीम रंगाचं कापड घ्या, पार्श्वभूमी भरू नका. भरलेली पार्श्वभूमी पानांच्या कडा खाते आणि महिनेच्या महिने घेते. कापड चहात बुडवून जुनं करायची टूम आहे, ती मी करत नाही, चहातलं टॅनिन कापडात राहतं आणि वर्षानुवर्षं टिकावं म्हणून आपण इतकं भरतो. क्रीम कापडाचा दुसरा फायदा म्हणजे पांढरं फूल दिसतं. पाकळी साध्या पांढऱ्याने, उजेडाची टोकं बी५२०० या जास्त शुभ्र पांढऱ्याने आणि सावली फिक्या हिरवट राखाडीने केली की पुरे.

पांढरं किंवा अगदी फिकं फूल असेल तर काळं कापडही विचारात घ्या. मेरी डिलेनी यांनी १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तरीच्या आसपास, रंगीत कागद कापून काळ्या कागदावर चिकटवून फुलं करायला सुरुवात केली आणि जवळजवळ एक हजार केली, आज ती ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. ती बघून मला हिरव्याबद्दल खूप शिकायला मिळालं, कारण कागद कापायचा म्हटलं की प्रत्येक छटेला स्वतःची कड येते, धुकं करताच येत नाही, आणि आपल्या फुलीचंही अगदी तेच आहे. काळ्या कापडावर भरताना मांडीवर पांढरा टॉवेल ठेवा म्हणजे भोकं दिसतात.

आता ज्यांचा पीस आधीच भरून झालाय त्यांचं काय. सगळं उसवू नका लगेच. आयरिसचा पीस मी असा वाचवला: आधी सावलीची कड आणि मधली शीर ९३४ ने एका पदरात घातली आणि दोन दिवस भिंतीवर लावून बघितलं. ज्या पानांना तेवढं पुरलं ती सोडली. बाकीच्या पानांत फक्त तपकिरी, बदामी आणि जांभळट राखाडी सुट्या फुल्या उसवल्या, पाठीमागून लहान कात्रीने टाका कापून चिमट्याने ओढून, प्रत्येक पानात तीस-चाळीस निघाल्या, आणि त्या जागी शेजारचा हिरवा घातला. कापताना शेजारच्या टाक्याची पाठ कापली जात नाही ना ते दर वेळी कापड उलटून बघा, एक चुकीचा कापला की चार सुटतात. राहिलेले तंतू चिकटपट्टीने अलगद उचलून घेतले. तीन संध्याकाळी गेल्या आणि पीस आता फ्रेममध्ये आहे. पहिला गुलाब मात्र नाही वाचला, त्यात सुट्या फुल्या इतक्या होत्या की पान शिल्लकच राहत नव्हतं, त्याचं फूल तेवढं कापून वेगळं मढवलं.

नवीन चित्र निवडत असाल आणि एवढा खटाटोप नको असेल तर कोरीव तांब्याच्या बारीक रेघांची चित्रं टाळा. लेओनहार्ट फुक्स यांच्या १५४२ च्या पुस्तकातली लाकडी ठशांची चित्रं बघा, जाड स्वच्छ आउटलाइन आणि आत भरपूर मोकळी जागा, जवळजवळ तयार चार्टच. मारिया सिबिला मेरियन यांची १६७५ ते १६८० मधली फुलांची चित्रं तर भरतकामाला नमुने म्हणूनही वापरायचे, त्या स्वतः न्युरेंबर्गमध्ये मुलींना चित्रकला आणि भरतकाम शिकवायच्या, त्यामुळे फुलांची मांडणीच अशी आहे की सुईला अवघड जात नाही. आणि हिरव्याचा कंटाळाच आला असेल तर ॲना ॲटकिन्स यांचे १८४३ पासूनचे समुद्रशैवालाचे निळे ठसे, गडद निळ्यावर पांढरं शैवाल. गडद निळं कापड आणि पांढरा, फिका निळा असे दोनच दोरे, इथे मळकट व्हायला काही उरतच नाही, मी आत्ता त्यातलाच एक भरतेय.

तरी हिरवंच करायचं असेल तर कापडाच्या कोपऱ्यात, जो भाग फ्रेमच्या मागे जाणार आहे तिथे, चार्टमधलं सगळ्यात अवघड एकच पान आधी भरा. दोन मीटर लांब जा, मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढा. शीर दिसली पाहिजे आणि उजेडाची बाजू कुठली ते कळलं पाहिजे. नाही दिसलं तर चार्टकडे परत जा, एका पानाचाच दोरा गेलेला असतो.